बोटीचं इंजिन (ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर) चालूच होत नाहीये, हात सोलले. मदत हवी

धायरीचा_नावाडी
शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इथे बोटीवाले किती आहेत माहीत नाही, पण टू-स्ट्रोकवाले नक्की असतील, म्हणून धागा काढतोय.

मामा भिगवणजवळ कुंभारगावला असतो. उजनीचं बॅकवॉटर. फायबरची एक बोट आहे, हिवाळ्यापासून रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना त्यातून फिरवतो. दोन वर्षांपूर्वी कोकणातून सेकंडहँड १५ एचपीचं टू-स्ट्रोक जपानी इंजिन आणलं. कार्बोरेटरवालं, दोरी ओढून चालू करायचं. जूनपासून पत्र्याच्या शेडमध्ये होतं. आता सीझन तोंडावर आलाय आणि ते ढिम्म आहे.

गाडीत घालून पुण्याला आणलं (३६ किलोचं धूड, सीट पाडून आडवं). सोसायटीच्या पार्किंगमध्ये २०० लिटरचा निळा ड्रम, त्यात पाणी, वर लाकडी फळी ठोकून इंजिन टांगलंय. नवीन पेट्रोल टाकलं. प्लग नवा टाकला. आरएक्स हंड्रेड दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजवाल्याकडून कार्बोरेटर साफ करून घेतला. आज साठ-सत्तर वेळा दोरी ओढली. एकदा 'फट्' झालं, तेवढंच. हाताला फोड आलेत आणि सेक्रेटरी दोनदा येऊन "हे काय चाललंय?" विचारून गेलेत.

कुठून सुरुवात करू?

---

मधलीसुट्टी
शनिवार, रात्री १०:०२

लाल दोरीची क्लिप लावली आहे ना? मनगटाला बांधायची असते ती. ती स्विचमागे बसलेली नसेल तर करंटच बंद राहतो. हसू नका, मी मुळशीला एकदा पाऊण तास दोरी ओढलीये आणि क्लिप माझ्याच खिशात होती. बायको अजून सांगते सगळ्यांना.

---

धायरीचा_नावाडी
शनिवार, रात्री १०:०५

लावली आहे. तीनदा बघितलं.

---

जुना_चेतकवाला
शनिवार, रात्री १०:२१

नावाडी, काहीही उघडायच्या आधी एक सांगा. पंधरा-वीस वेळा दोरी ओढल्यावर प्लग काढून बघितलात का? ओला आहे की कोरडा?

आमच्या पिढीने चेतकवर हेच शिकलं. किक मारून दमलं की आधी गाडी आडवी करायची, मग प्लग काढायचा. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही, मग टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत शोधायचं. ओला निघाला तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही. निम्मा दवाखाना तिथेच संपतो. तुम्ही कार्बोरेटर आधी उघडलात, म्हणजे पोट दुखतंय की डोकं हे न विचारता ऑपरेशन.

---

हर्णैची_लाट
शनिवार, रात्री १०:४०

चेतकवाले काकांना +१. माझ्या वडिलांच्या दोन होड्या आहेत, लहानपणापासून हेच बघत आलेय.

नावाडी दादा, आधी ड्रममधलं पाणी बघा. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिच्याही वर पाणी हवं. कोरडं इंजिन चालू झालं तर आतला पाणी खेचणारा रबराचा इम्पेलर बघता बघता जळतो आणि मग दुसरंच दुखणं. चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार यायला हवी, नाही आली तर लगेच बंद. आणि पंखा काढून ठेवा. चुकून गिअर पडला तर अर्धं पार्किंग धुऊन निघेल.

मग पेट्रोलच्या पाइपमधला रबरी फुगा. त्यावर बाण असतो, तो इंजिनाच्या दिशेने हवा. दाबताना फुगा उभा धरा, बाणाचं टोक वर. आठ-दहा दाबांत तो कडक झाला पाहिजे. कडक होतच नसेल तर कुठेतरी हवा घेतोय, बहुतेक वेळा जोडणीच्या क्लिपमधली ओ-रिंग गेलेली असते.

---

धायरीचा_नावाडी
शनिवार, रात्री ११:१५

आत्ता खाली जाऊन आलो. पाणी पट्टीच्या चार बोटं वर आहे. पंखा काढला. फुगा कडक होतोय. वीस वेळा ओढून प्लग काढला, ओला आहे. चांगला ओला.

म्हणजे पेट्रोल पोचतंय. मग करंटचा प्रॉब्लेम?

---

दोनफटके
शनिवार, रात्री ११:३२

रात्रच आहे तर बरं, करंट अंधारात छान दिसतो. प्लग टोपीत घाला, त्याचं लोखंड इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा. पण प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलचा फवारा येतो आणि भडका उडू शकतो. प्लग हातात धरू नका, नाहीतर तुम्हीच स्टार्ट व्हाल. लाल क्लिप लावलेली हवी. दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी असेल तर टोपी, कॉइल किंवा सीडीआय (ठिणगीचा करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा).

प्लगचा नंबर काय? दुकानदार चालतंय म्हणून बाइकचा देतात. या साइजच्या बऱ्याच टू-स्ट्रोकना बी७एचएस-१० लागतो. शेवटचे १० म्हणजे गॅप १ मिमी.

---

धायरीचा_नावाडी
शनिवार, रात्री ११:५८

प्लग बरोबर आहे, नाना पेठेतून नंबर दाखवूनच आणला होता. वॉचमनकाकांना दोरी ओढायला लावली. ठिणगी एकदम निळी, दोन्ही सिलिंडरला. वॉचमनकाका म्हणाले, "दिवाळी झाली की हो."

तेवढ्यात सेक्रेटरी तिसऱ्यांदा आले. यावेळी काही बोलले नाहीत, खुर्ची घेऊन बसले. ते म्हणे आधी बजाजमध्ये होते, आकुर्डीला.

करंट आहे, पेट्रोल आहे, दोरी ओढताना दम लागतोय म्हणजे कॉम्प्रेशनही असावं. मग अडलंय कुठे?

---

तर्री_जास्त
रविवार, सकाळी ७:१०

ओव्हरफ्लो झालंय हो. प्लग काढून, चोक बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दहा-बारा वेळा दोरी ओढा, आतलं सगळं बाहेर येईल. मग कोरडा प्लग लावून फुगा न दाबता ट्राय करा. होतंय चालू.

अवांतर: ऑइल कुठलं वापरता? आम्ही पवना धरणावर बाइकचं साधं टू-टी वापरतो, काही होत नाही.

---

दोनफटके
रविवार, सकाळी ८:०५

तर्री, काही होत नाही हे पिस्टनला विचारा. बाइकचं इंजिन हवेवर थंड होतं, बोटीचं धरणाच्या पाण्यावर. बोटीचं थंड चालतं आणि तासन्‌तास एकाच जोरात चालतं. त्यासाठी राख न करणारं टीसी-डब्ल्यू३ ऑइल येतं. बाइकच्या ऑइलची राख रिंगांच्या खाचांत बसते. एखाद्या वेळी चालेल, सीझनभर नको. प्रमाण ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. नव्या इंजिनाच्या रनिंग-इनला साधारण दुप्पट.

---

जुना_चेतकवाला
रविवार, सकाळी ८:४०

रात्री झोपताना दोन गोष्टी डोक्यात आल्या.

एक. प्लग ओला आहे, पण कशाने ओला आहे? बोटाने पुसून बघा. ऑइल मिसळलेलं पेट्रोल बोटांत तेलकट लागतं. वास घ्या.

दोन. तुम्ही लिहिलंय, "नवीन पेट्रोल टाकलं." टाकलं की बदललं?

---

धायरीचा_नावाडी
रविवार, सकाळी ९:२५

काका…

टाकलं. टाकीत जूनचं सहा-सात लिटर होतं, त्यावर नवीन पाच लिटर (ऑइल घालून) ओतलं.

प्लग पुसला. तेलकट अजिबात लागत नाही. वास पेट्रोलचा कमी आणि इंजेक्शनच्या आधी कापूस लावतात ना, त्या स्पिरिटचा जास्त.

---

जुना_चेतकवाला
रविवार, सकाळी ९:३१

काचेची स्वच्छ बाटली घ्या. टाकीच्या तळातलं काढा, वरचं नको. इंजिनाचा पाइपही तळातूनच ओढतो. पंधरा मिनिटं हलवू नका. मग फोटो टाका.

---

धायरीचा_नावाडी
रविवार, सकाळी १०:१२

फोटो चढत नाहीये, शब्दांत सांगतो. आईच्या मुरांब्याची बरणी घेतली (परवानगी नंतर घेईन). तळातलं साधारण लिटरभर काढलं. आधी सगळं गढूळ ताकासारखं होतं. दहा मिनिटांनी मध्ये रेघ उमटली, पट्टीने आखावी तशी. वरचा दोन बोटं थर हिरवट-निळा, म्हणजे ऑइलचा रंग. खालचा जवळजवळ पारदर्शक, बरणीच्या पाऊण उंचीपर्यंत. हलवली की खालचा थर वेगळा डुचमळतो.

सेक्रेटरी म्हणाले, "हे पेट्रोल नाही, हे सरबत आहे."

---

दोनफटके
रविवार, सकाळी १०:३०

सापडलं! हल्ली पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. थोडं पाणी असलं तर ते पेट्रोलमध्ये विरघळवून धरून ठेवतं, कळतही नाही. पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. त्यातून रात्री गार पडलं की ही मर्यादा आणखी खाली येते. तुम्ही वरून कितीही ताजं ओता, इंजिनाला मिळतंय ते तळातलं पाणी-स्पिरिट.

आणि नीट ऐका, ते चालू झालं नाही हे नशीब समजा. ऑइल सगळं वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं. खालच्या थरात ऑइल जवळजवळ नसतंच. त्यावर इंजिन कसंबसं धावलं असतं तर बिनतेलाचं धावलं असतं, आणि तुमच्या या इंजिनाला ऑइल येतं ते फक्त पेट्रोलमधूनच. पिस्टन धरला असता. तो खर्च या धाग्यात मावला नसता.

---

अबोली_रंग
रविवार, सकाळी १०:४४

बोटीतलं ओ की ठो कळत नाही पण वाचतेय. पण एवढं पाणी आलं कुठून? हवेतून?

---

हर्णैची_लाट
रविवार, सकाळी ११:०२

हवेतून एवढं नाही येत. दादा, टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. पावसाळ्यात तो उघडा होता का? आणि पत्रा गळतो का?

---

धायरीचा_नावाडी
रविवार, सकाळी ११:४०

मामाला फोन केला. शेडचा पत्रा गळतो. बरोबर टाकीवर. स्क्रू उघडा होता. मामाचं म्हणणं, "तू म्हणाला होतास ना, स्क्रू उघडा नसेल तर इंजिन बंद पडतं. म्हणून मी कायम उघडाच ठेवतो."

मी म्हणालो होतो.

---

हर्णैची_लाट
रविवार, दुपारी १२:१५

मामांचं चुकलं नाही, अर्धाच धडा मिळाला त्यांना.

आता टाकी पूर्ण रिकामी करा, उलटी करून उन्हात वाळू द्या. पाइप आणि फुगा सोडवून त्यातलंही काढा, नाहीतर पहिला घोट पुन्हा तोच. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला स्क्रू असतो, तो सैल करून वाटी गाळा. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल सोडा आणि हळूहळू चार वेळा दोरी ओढा, आत गेलेलं पाणी-स्पिरिट गंज धरायच्या आत. मग ताजं पेट्रोल.

काढलेलं गटारात ओतू नका, कृपा करून.

---

धायरीचा_नावाडी
रविवार, संध्याकाळी ६:२०

चालू झालं!!! तिसऱ्या ओढीला! अख्खं पार्किंग निळ्या धुराने भरलं, पाण्याची धार आली, वॉचमनकाकांनी टाळ्या वाजवल्या.

साधारण चाळीस सेकंदांनी बंद पडलं. पुन्हा फुगा दाबला, चालू, पुन्हा चाळीस सेकंद, बंद. इंजिनातल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा फाटलाय का? नवीन किट कुठे मिळेल पुण्यात?

---

तर्री_जास्त
रविवार, संध्याकाळी ६:२८

पडदाच. शंभर टक्के.

---

जुना_चेतकवाला
रविवार, संध्याकाळी ६:३५

थांबा, खरेदीला निघू नका. बंद पडल्यावर फुगा कसा दिसतो? गोल आणि मऊ, की चपटा झालेला, आत ओढला गेल्यासारखा?

---

धायरीचा_नावाडी
रविवार, संध्याकाळी ६:४१

चपटा. रिकाम्या टूथपेस्टसारखा.

---

जुना_चेतकवाला
रविवार, संध्याकाळी ६:४३

मग पंप बिचारा जीव तोडून ओढतोय, मागून येत नाहीये. पडदा फाटला असता तर फुगा चपटा कशाला झाला असता?

हवेचा स्क्रू बघा.

---

धायरीचा_नावाडी
रविवार, संध्याकाळी ६:५०

बंद होता. टाकी वाळवून भरल्यावर, शहाण्यासारखा, मीच घट्ट पिळला.

एकाच स्क्रूने दोन्हीकडून मारलं. उघडा राहिला तेव्हा पाणी आत आलं, बंद राहिला तेव्हा पेट्रोल बाहेर येईना. मामाला फोन करायची हिंमत नाही.

---

मधलीसुट्टी
रविवार, संध्याकाळी ६:५५

खिशातल्या क्लिपच्या क्लबात स्वागत आहे.

---

सिंहगडपायथा
रविवार, संध्याकाळी ७:१५

मंडळी, धागा मस्त चाललाय, पण बंद पार्किंगमध्ये टू-स्ट्रोक चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ड्रम उघड्यावर न्या.

---

धायरीचा_नावाडी
सोमवार, रात्री ८:३०

ड्रम बाहेर गेटजवळ आणला. सेक्रेटरींनी स्वतः जागा दाखवली, फक्त "आठच्या आत" म्हणाले.

आता सलग चालतं, पण चोक अर्धा ओढून ठेवला तरच. चोक आत ढकलला की हळूहळू मरतं. थ्रॉटल दिला तर धरतं, सोडला की बंद. आयडलिंगच नाही.

---

हर्णैची_लाट
सोमवार, रात्री ९:०५

पायलट जेट तुंबलाय. कमी थ्रॉटलला इंजिन त्याच बारीक भोकातून पितं. चोक दिला की हवा कमी होते, म्हणून तग धरतं. टाकीतला साका तिथे जाऊन बसला असणार. गॅरेजवाल्याने जेट काढले होते का, की नुसतं वरून स्प्रे मारला?

जेट काढा, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा, उजेडासमोर धरा. पलीकडे गोल उजेड दिसला पाहिजे. सुई किंवा तार घालू नका, जेट पितळेचा असतो, भोक मोठं होतं आणि मग कायमचं जास्त पेट्रोल पितं. आमच्याकडे तंगूस घालतात. मासे पकडायचा बारीक तंगूस, बोटभर तुकडा. आत जातो, कचरा काढतो, पितळेला ओरखडा नाही. मामांकडे किलोवारी असेल.

---

धायरीचा_नावाडी
मंगळवार, रात्री १०:१०

जेटच्या स्क्रूच्या खाचेत जुना मळ जसाच्या तसा होता. म्हणजे गॅरेजमध्ये तो कधी फिरलेलाच नाही. "पूर्ण खोलून साफ" असं बिलावर लिहिलंय. असो.

उजेडासमोर धरला तर काहीच दिसेना, भोक आहे की नाही हेच कळेना. धायरीत रात्री तंगूस कुठून आणू? शेवटी लेकीच्या मण्यांच्या माळेचा निघाला. दोनदा आत-बाहेर केला, हिरवट रव्यासारखं काहीतरी पडलं, आणि टाचणीच्या टोकाएवढा चंद्र दिसला. बसवलं. दुसऱ्या ओढीला चालू, चोक आत, आणि संथ टुकटुकटुक. दहा मिनिटं चाललं.

माळ पुन्हा ओवून दिली आहे. एक मणी कमी आहे, ते अजून कळलेलं नाही.

---

उजनीकाठ
बुधवार, सकाळी ६:४०

मी इंदापूरकडचा. इंजिन झालं, आनंद आहे. एक सांगू का, राग मानू नका. उजनीचं पाणी सकाळी आरशासारखं असतं आणि दुपारनंतर वारा सुटला की ओळखू येत नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. त्यामुळे वल्हं आणि बांबू बोटीत हवाच, प्रत्येकाला जॅकेट, आणि ते अंगात, सीटखाली नाही. जास्तीचा प्लग आणि पाना डब्यात ठेवा. दुरुस्त केलेल्या इंजिनावर पहिल्याच दिवशी पर्यटक घेऊन जाऊ नका. आधी एकटे, काठाकाठाने, तासभर.

---

धायरीचा_नावाडी
बुधवार, सकाळी ९:००

पटलं. जॅकेटं आहेत, पण तुम्ही म्हणता तशी सीटखालीच असतात. बदलतो.

---

धायरीचा_नावाडी
रविवार, रात्री ९:१५

अपडेट. काल पहाटे कुंभारगावला पोचलो. इंजिन बसवलं. टाकीवर मामाने ऑइलपेंटने लिहिलंय: "पाण्यात उघडा, घरी बंद." स्क्रूकडे बाण काढून. पत्राही बदलला. पाइपात एक पाणी अडवणारा फिल्टर टाकलाय. पुढच्या जूनला टाकी रिकामी करून, इंजिन कार्बोरेटर कोरडा पडेपर्यंत चालवून मगच ठेवायचं ठरलंय.

पहिल्या ओढीला नाही, दुसऱ्या ओढीला चालू झालं. मी आणि मामा दोघंच, जॅकेट घालून, काठाकाठाने तासभर. एकदाही मिसिंग नाही. मग पाणी जरा उथळ लागलं तिकडे वळलो. पुढे पन्नास-साठ रोहित उभे, माना पाण्यात. मी ऐटीत थ्रॉटल द्यायला गेलो तर मामाने लाल क्लिपच ओढली. इंजिन बंद.

"आरं, उडत्याल ती," म्हणाला, आणि बांबू उचलला.

---

जुना_चेतकवाला
रविवार, रात्री ९:३०

मामांना नमस्कार सांगा.

---

पानशेत_परत
पुढचा शनिवार, दुपारी ४:२०

याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. माझ्या ८ एचपीची दोरीच ओढली जात नाही. दोन बोटं येते आणि अडकते. इंजिन जाम झालंय का? घाबरलोय.

---

हर्णैची_लाट
पुढचा शनिवार, दुपारी ४:२६

गिअर न्यूट्रलला आहे का?

---

पानशेत_परत
पुढचा शनिवार, दुपारी ४:३१

आता आहे.